तारिहाळच्या तळ्यातला जिलेबी मासा



आपल्या हुबळी-धारवाडच्या जुन्या मराठी घरांच्या आठवणी इथं सगळेच लिहितात. कुणी रेल्वे वर्कशॉपच्या भोंग्याबद्दल लिहितं, कुणी सवाई गंधर्वांच्या कुंदगोळबद्दल, कुणी आजीच्या कानडी-मराठी बोलण्याबद्दल. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. शिक्षण कॉमर्सचं, जन्म आकड्यांत गेला. पण आज लिहिणार आहे एका माशाबद्दल. हसू नका. या माशाचा इतिहास वाचून झाला की तुम्हालाही पटेल की तो आपल्या पानावर यायला हरकत नव्हती.

आमचं घराणं मूळ संगमेश्वराकडचं. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी हुबळीला आले. तेव्हा ही सदर्न मराठा रेल्वे, आणि धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो, पण घरातलं ताट कोकणीच राहिलं. बुधवार-रविवार मासे हवेतच. समुद्राचे मासे कारवार-अंकोल्याकडून घाट चढून यायचे. पावसाळ्यात ते बंद झाले की मग गोड्या पाण्याचे. मरळ, वाम, शिंगटा, खवली ही नावं आम्ही आईच्या तोंडून शिकलो. समुद्राच्या माशाला ती ‘मासे’ म्हणायची आणि तळ्याच्या माशाला ‘तळ्यातले’. त्यात थोडा तुच्छतेचा सूर असायचा, पण आषाढात तेच गोड लागायचे.

आता तारिहाळ. नव्या पिढीला हे नाव माहीत आहे ते औद्योगिक वसाहतीमुळे आणि बायपासमुळे. पण आपल्या भागात प्रत्येक गावाला एक तळं असतंच. कानडीत केरे, आमच्या घरच्या मराठीत केरी. हुबळीचं उणकल, धारवाडचं केळगेरी आणि साधनकेरी ही मोठी नावं, बाकी लहान-लहान तर किती. या तळ्यांची एक गंमत आहे. हुबळी-धारवाड पाणलोटाच्या कण्यावर बसलंय. पश्चिमेकडचं पाणी बेडतीतून गंगावळी होऊन अरबी समुद्राला जातं आणि पूर्वेकडचं बेण्णीहळ्ळातून मलप्रभेला, तिथून कृष्णेला, म्हणजे थेट बंगालच्या उपसागराला. एकाच शहराचं पाणी दोन समुद्रांना. तेव्हा इथल्या तळ्यात कुठला मासा आहे हा प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवाला मासे धरायचं वेड लागलं. तारिहाळच्या बाजूला आमच्या ओळखीच्या एकांचं शेत आहे, त्याच्याजवळच्या पाण्यावर आम्ही दोघं गळ घेऊन बसायचो. कणकेची गोळी लावली की काही ना काही लागायचंच. एके दिवशी तळहाताएवढा, उभा-चपटा, काळपट मासा लागला. हनुवटीखालचा भाग पांढरा, पाठीच्या पंखाची आणि शेपटीची कड लालसर. पाठीवरच्या काट्यांनी नातवाचं बोट फोडलं. असला मासा आईच्या यादीत नव्हता. मीही तो कधी नीट पाहिला नव्हता, कारण बाजारात तो मिळतो तेव्हा कापलेला किंवा ढिगात असतो.

नातवानं लगेच फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. माझी पुतणी मिशिगनला असते. तिच्या मुलाचं पाच मिनिटांत उत्तर आलं, “हा तर सनफिश! ब्लूगिल! आमच्या लेकमध्ये खूप मिळतो.” दोन मुलांचं मग भांडण जुंपलं. इकडचा म्हणतो, अमेरिकेचा मासा तारिहाळला कसा येईल? तिकडचा म्हणतो, फोटो बघ, सेम आहे. आणि दोघंही विचारतात कुणाला, तर आजोबांना.

आकडे मोजणं हा आमचा धंदाच. मी म्हटलं, भांडू नका, मोजू या. पुस्तकं चाळली, माहितीतल्या एका प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना फोन केला. त्यांनी फोनवरच चार खुणा सांगितल्या. त्या इथं देतो, कारण उद्या तुमच्याही नातवंडांना हा मासा लागणार आहे.

पहिली खूण कल्ल्याची. ब्लूगिलच्या कल्ल्याच्या झाकणाला मागे काळा, मऊ कानासारखा पदर असतो. आमच्या माशाला तो नव्हता.

दुसरी खूण पाठीच्या काट्यांची. ब्लूगिलच्या पाठीच्या पंखात साधारण १० टणक काटे असतात, पुढे मऊ शिरा. आमच्या माशाचे नातवानं टाचणीनं एकेक वेगळे करून मोजले. १६ भरले.

तिसरी खूण अंगावरच्या रेषेची. माशाच्या कुशीवरून ठिपक्यांची एक रेषा जाते, तिनं त्याला पाण्यातली हालचाल कळते. सनफिशची ही रेषा कल्ल्यापासून शेपटीपर्यंत सलग. आमच्या माशाची मध्येच तुटलेली. वरचा तुकडा पुढे, खालचा तुकडा मागे, जणू रेल्वेचा सांधा बदललाय.

चौथी खूण मला सगळ्यात आवडली. नाकपुडी! बहुतेक माशांना प्रत्येक बाजूला नाकाची दोन-दोन भोकं असतात, सनफिशलाही. आमच्या माशाला बॅटरी मारून भिंगातून पाहिलं, तर प्रत्येक बाजूला एकच. एवढ्यावर निकाल लागला. हा सनफिशच्या कुळातला नाही. हा सिक्लिड नावाच्या कुळातला, आफ्रिकेचा तिलापिया. त्यातही शेपटीवर उभे पट्टे नाहीत, अंग काळं, हनुवटी पांढरी, म्हणजे मोझांबिकचा तिलापिया, वयात आलेला नर.

मिशिगनचा नातू हरला, पण अगदीच चुकला नव्हता. दोन्ही मासे उभे-चपटे, दोघांच्याही पोटाखालच्या मागच्या पंखात ३ काटे, आणि दोघांचेही नर तळाच्या गाळात ताटाएवढा गोल खळगा करून घर मांडतात. उन्हाळ्यात तळं आटतं तेव्हा काठच्या चिखलात असले वाटोळे खळगे तुम्ही पाहिले असतील.

आम्ही हे सगळं करत होतो तेव्हा शेजारी एक म्हातारे मच्छीमार जाळं सुकवत बसले होते. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, “इदु जिलेबी मीन री, सर.” हा जिलेबी मासा आहे हो. आमच्या चार खुणा आणि अर्ध्या दिवसाचं काम त्यांनी एका शब्दात उरकलं! कर्नाटकात आणि तमिळनाडूत याला जिलेबी म्हणतात, महाराष्ट्रात उजनीच्या पाण्यावर गेलात तर चिलापी. तिलापियाचं लोकांच्या जिभेवर जे झालं ते हे.

आता हा आफ्रिकेचा मासा इथं आला कसा? इथून खरा इतिहास सुरू होतो.

जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्स यानं १८५२ साली मोझांबिकमधून आणलेल्या नमुन्यावरून या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. मग १९३९ च्या सुमारास जावा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, सेरांग नदीच्या मुखाजवळच्या खाजणात, मुजाइर नावाच्या एका माणसाला हे मासे सापडले. त्यानं ते गोड्या पाण्यात वाढवून दाखवले. इंडोनेशियात आजही या माशाला त्याच्याच नावानं ओळखतात. दुसऱ्या महायुद्धात जपानी अंमलाखाली तिथं अन्नटंचाई आली, तेव्हा पटापट वाढणारा हा मासा गावोगाव पसरला. युद्ध संपल्यावर तर भुकेल्या आशियाला स्वस्त प्रथिनं देणारा मासा म्हणून त्याची वाहवा झाली आणि देशोदेशी त्याची पाठवणी सुरू झाली.

भारतात तो १९५२ साली आला. बँकॉकहून आलेले मासे रामेश्वराजवळच्या मंडपमच्या केंद्रीय संशोधन केंद्रात उतरले. श्रीलंकेतूनही आले. तो काळ आठवा. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झालेली, धान्याला रेशन. जो मासा काहीही खातो, कुठल्याही पाण्यात जगतो, गोड्या नि खाऱ्या दोन्ही पाण्यांत तगतो आणि दोन-तीन महिन्यांत वयात येतो, तो कुणाला नको असेल? आणणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढचं वाचून त्यांना नावं ठेवणं फार सोपं आहे.

अडचण त्याच्या गुणांतच होती. बहुतेक मासे हजारो अंडी टाकून निघून जातात. तिलापियाची मादी थोडीच अंडी घालते, पण ती तोंडात धरून उबवते. पिल्लं बाहेर आली तरी धोका वाटला की पुन्हा आईच्या तोंडात. त्यामुळे जगणारी पिल्लं भरपूर, आणि हे वर्षातून अनेकदा. थोड्याच काळात तळ्यात इतकी गर्दी होते की कुणालाच पुरेसं खायला मिळत नाही आणि सगळे बोटाएवढेच राहतात. संख्या वाढते, वजन वाढत नाही. ज्या वाढीसाठी आणला तीच हरवते. वर तिथल्या जुन्या माशांच्या तोंडचा घास जातो तो वेगळाच. राजस्थानच्या जयसमंद तलावात तिलापिया शिरल्यावर रोहू-कटल्यासारख्या माशांचं सरासरी वजन घटल्याची नोंद आहे. सरकारी तज्ज्ञांच्या समितीनं १९५९ साली, म्हणजे अवघ्या सात वर्षांत, या माशाचा प्रसार थांबवायचा निर्णय घेतला.

पण कागदावरची बंदी माशाला वाचता येत नाही. एका तळ्याचा सांडवा दुसऱ्या तळ्यात जातो, बियाण्याच्या पिशवीत चार पिल्लं भेसळीनं येतात, कुणी हौसेनं विहिरीत सोडतं. दक्षिणेत त्याला आवर घालता आला नाही.

याचा एक पुरावा माझ्या नोकरीतही होता. मी ग्रामीण शाखेत असताना एफएफडीएच्या योजनेतून तळी ठेक्यानं घेऊन मासे पाळणाऱ्यांची कर्जप्रकरणं येत. हेक्टरी किती बोटुकली सोडणार, त्यात कटला किती, रोहू किती, मृगळ किती, कधी गवत्या आणि सायप्रिनस. सगळं छापील तक्त्यात. तिलापियाचा रकाना कुठंच नव्हता. पण वर्षअखेर पाहणीला गेलो की विक्रीच्या वहीत शेवटी एक ओळ असायची, ‘इतर’. बँकेत काम केलेल्यांना विचारा, हिशेबात ‘इतर’ फुगायला लागलं की तिथंच बोट ठेवायचं असतं. ठेकेदाराला विचारलं की हसून सांगायचा, “जिलेबी री, तानागे बर्तद.” आपोआप येते. बी विकत घ्यावं लागत नाही म्हणून तो खूश. त्याच्या रोहूचं वजन का भरत नाही, हे मात्र त्याला कोडं.

मग आधी इथं होतं काय? हा प्रश्न नातवानं विचारला, आणि त्यासाठी दोनशे वर्षं मागे जावं लागलं.

पेशवाई संपल्यावर मुंबई सरकारनं कर्नल विल्यम सायक्स या अधिकाऱ्याला दख्खनची मोजदाद करायला नेमलं. त्यानं ज्या चार कलेक्टोरेटांची माहिती गोळा केली त्यांत पुणे, अहमदनगर, खानदेश यांच्याबरोबर आपलं धारवाडही होतं. माणसं, शेतं, पिकं मोजता-मोजता या गृहस्थानं पक्षी आणि मासेही लिहून काढले. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध १८४१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेनं चित्रांसह छापला. त्यातली सगळ्यात गोड गोष्ट म्हणजे नावं. बऱ्याच माशांना त्यानं लॅटिन नावं शोधत न बसता कोळ्यांनी सांगितलेली देशी नावंच शास्त्रीय नावं म्हणून दिली. खुद्री, कोळस, फुलंगी, मुल्या, बोगट, नुक्ता! आज जगातल्या कुठल्याही विद्यापीठात या माशांचा अभ्यास होतो तेव्हा आपल्या नदीकाठच्या कोळ्यांचा शब्द उच्चारावाच लागतो. त्या कोळ्यांची नावं कुठं नोंदलेली नाहीत, पण त्यांचं बोलणं शास्त्रात अमर झालं.

सायक्सच्या यादीत तिलापिया असणं शक्यच नव्हतं. पण त्याच्या यादीतले किती मासे आज आपल्या बाजारात दिसतात? खुद्री म्हणजे दख्खनचा महसीर तर नद्यांतून इतका कमी झाला की लोणावळ्याच्या वळवण तलावावर टाटांच्या वीज कंपनीनं त्याची पिल्लं कृत्रिमरीत्या तयार करून ठिकठिकाणी सोडायचं काम गेली कित्येक वर्षं चालवलंय. धरणं, वाळूउपसा, गटाराचं पाणी ही कारणं मोठी आहेत. सगळं खापर जिलेबीवर फोडणं बरोबर नाही. उलट घाण पाण्यात दुसरं काही जगत नाही तिथं हीच जगते. पण मोकळी झालेली जागा तिनं धरली की ती पुन्हा जुन्या माशाला मिळत नाही.

त्याच म्हाताऱ्या मच्छीमारांना मी विचारलं की पूर्वी काय मिळायचं. त्यांनी कानडीत सात-आठ नावं सांगितली. त्यांतली चार मला समजली, बाकीची त्यांच्या मुलालाही ठाऊक नव्हती. मुलगा म्हणाला, आता जाळ्यात येते ती जिलेबीच, स्वस्त आहे, गरीब लोक घेतात, आमचंही घर त्यावर चालतं. यावर मी काय बोलणार? ज्याच्या चुलीवर ती शिजते त्याला आपण घरी बसून ‘हा मासा वाईट’ असं सांगू शकत नाही.

सनफिशचा विषय निघालाच आहे, तर त्याचीही एक हकीकत सांगतो. १९६० साली जपानचे युवराज अकिहितो अमेरिकेला गेले होते. ते स्वतः माशांचे अभ्यासक. शिकागोच्या महापौरांनी त्यांना ब्लूगिल भेट दिले. खाण्यासाठी वाढवू म्हणून ते त्यांनी मायदेशी संशोधन केंद्राला दिले. तिथून ते निसटले आणि जपानच्या सगळ्यात मोठ्या बिवा सरोवरात माजले. तिथल्या जुन्या माशांची दशा झाली. २००७ साली, तेव्हा सम्राट असलेल्या अकिहितोंनी त्याच शिगा प्रांतात, भर कार्यक्रमात याबद्दल खेद व्यक्त केला. सम्राटानं एका माशाबद्दल! आणि याच अकिहितोंनी १९६५ साली थायलंडच्या राजाला नाईलचे ५० तिलापिया पाठवले होते. ते राजवाड्याच्या तळ्यात वाढले आणि पुढे थायलंडच्या गरिबांचा रोजचा मासा झाले. देणारा हात एक, हेतू एक, एकीकडे पश्चात्ताप आणि दुसरीकडे भरलेलं ताट.

आणखी एक विलक्षण गोष्ट. आपल्याकडे माजलेला हा मोझांबिकचा तिलापिया त्याच्या मूळ गावी मात्र संकटात आहे. तिथं नाईलचा तिलापिया आणून सोडला, दोघांचा संकर होतोय आणि अस्सल जात संपत चालली आहे. आययूसीएनच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. परक्या देशात राज्य, आणि घरी वारस नाही.

त्याचा एक लांबचा नातेवाईक आपल्याकडे मुळापासून आहे, हेही सांगायला हवं. केरळात ज्याला करीमीन म्हणतात आणि गोव्यात काळुंदर, तो खाडीतला मासा याच सिक्लिड कुळातला. नाकपुडी त्याचीही एकेकच. फक्त त्याच्या पोटाखालच्या मागच्या पंखात ३ ऐवजी १२-१३ काटे असतात. म्हणजे कुळ परकं नाही, ही जात परकी.

हे सगळं ऐकून नातवानं मला एक प्रश्न टाकला. “आजोबा, मग आपणही बाहेरूनच आलो ना? पणजोबा संगमेश्वरहून?” प्रश्न साधा, पण आपल्यासारख्या घरांना तो टोचतो. मी विचार करून सांगितलं, “माणूस आणि मासा यांची तुलना एका मर्यादेपर्यंतच करावी. आपण आलो, इथली भाषा शिकलो. तुझ्या पणजीनं शेजारणीकडून जोळद रोट्टी घेतली आणि तिला सोलकढी दिली. देणंघेणं झालं, म्हणून दोघी टिकल्या. मासा काही ठरवून आला नाही. त्याला पिंपात घालून आणलं ते माणसानं. जबाबदारी आणणाऱ्याची.”

मग लगेच खरी परीक्षा आली. त्याला पकडलेल्यांतले चार मासे जिवंत न्यायचे होते, मामाच्या गावच्या विहिरीत सोडायला. त्या विहिरीच्या कडेनं पावसाळ्यात ओढा वाहतो, आणि त्या ओढ्यात अजून शिंगटा आणि खवली मिळते. मी नाही म्हटलं. तो रुसला, रडला. पण सही करण्याआधी पाहणी करायची असते, नंतर वसुली होत नाही, हे चाळीस वर्षं नोकरीत शिकलेलं शेवटी इथं कामाला आलं. मासे आम्ही मच्छीमारांच्या टोपलीत दिले. एक घरी आणला, तिरफळ घालून आमटी केली. चव बरी होती, आईच्या मरळीची नव्हती.

तुम्हा सगळ्यांना दोनच विनंत्या. घरच्या काचेच्या टाकीतले मासे कंटाळा आला म्हणून तळ्यात, विहिरीत, ओढ्यात सोडू नका. दया वाटली तरी नको. दुसरी अशी, की आपापल्या घरातल्या ऐंशी-नव्वदीच्या माणसांना बसवून गोड्या पाण्याच्या माशांची नावं विचारा. मराठी, कानडी, कोकणी, जी आठवतील ती. कुठल्या तळ्यात, कुठल्या महिन्यात मिळायचा, कसा शिजवायचे, तेही. खाली लिहा, मी सगळ्यांची मिळून एक वही करतोय. आतापर्यंत माझ्याकडे अकरा नावं जमली आहेत. त्यांतल्या तीन माशांचं रूप आता कुणालाच सांगता येत नाही, नुसतं नाव उरलंय.